मुळीने दिलेलं उत्तर

‘मेंदूतलं रसायन कमी झालंय.’ जालन्यात काय किंवा परभणीत काय, मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊन आलेल्या माणसाच्या घरात आज हे वाक्य ऐकू येतं. कुणीतरी करणी केली, मनच कमकुवत, या जुन्या स्पष्टीकरणांपेक्षा ते कितीतरी माणुसकीचं आहे. रुग्णाच्या माथ्यावरचा दोष ते उतरवतं. पण हे उत्तर आलं कुठून? त्याचा माग काढत गेलं की वाट मुंबईत परळला, केईएम रुग्णालयात पोहोचते.

१९४० चं दशक. उच्च रक्तदाबावर धड औषध नव्हतं. हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेची मुळी रुग्णांना देऊन पाहत होते. वैद्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’च म्हणत. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं की, ही मुळी वेडावरही चालते आणि रक्तदाबावरही. बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. वकिलांनी ५० रुग्णांचा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि चक्रं फिरली.

१९५२ मध्ये बासेलच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड मनोरुग्णालयात नेथन क्लाईन यांनी सर्पगंधेचं औषध शेकडो रुग्णांना दिलं. वॉर्डात काय बदललं ते काचा बसवणाऱ्या कामगाराच्याही लक्षात आलं, असं क्लाईन सांगत. खिडक्या फुटायच्याच कमी झाल्या होत्या! १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालेल्यांत क्लाईन होते आणि मुंबईचे वकीलही.

पण त्याआधीच एक काळजीची बातमी आली होती. रक्तदाबासाठी जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ रेसरपिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीत बुडत होते. एडवर्ड फ्राईस यांनी १९५४ मध्ये हे नोंदवलं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की, रेसरपिनने शरीरातला सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिकामा होतो. तिथे काम करून स्वीडनला परतलेल्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग अशी काही रसायनं शरीरात ज्यापासून बनतात ते एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. त्या वाटेवरच्या कामाला पुढे २००० मध्ये नोबेल मिळालं.

आता दोन टोकं जोडणं बाकी होतं. रेसरपिन मेंदूतली रसायनं घटवतं, रेसरपिनने उदासी येते. म्हणजे रसायनांची तूट हेच उदासीचं कारण. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट यांनी नॉरअॅड्रेनलिन या रसायनाबाबत हा सिद्धान्त नीट मांडला, इतरांनी सेरोटोनिनवर बोट ठेवलं. पुढच्या काही दशकांत तो घरोघर पोहोचला.

या कथेतलं एक पान मात्र मागे पडलं. १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसरपिन देऊन पाहिलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं! हा निकाल सिद्धान्तात बसत नव्हता. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं, याला सुसंगत पुरावा त्यांना सापडला नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांनी अनेकांना खरोखर उतार पडतो आणि त्या आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. गोळी लागू पडली, एवढ्यावरून आजाराचं कारण मात्र हाती येत नाही.

मग आजार ठरवायचा कसा? १९८० मध्ये रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी कारणांचा वाद बाजूला ठेवला आणि लक्षणं मोजायला घेतली. नऊपैकी पाच लक्षणं, निदान दोन आठवडे, आणि त्यामुळे होणारा त्रास किंवा अडलेलं रोजचं जगणं, असे आजचे नैराश्याचे निकष आहेत. जवळचं माणूस गेल्यावरच्या शोकाला आधी त्यातून सूट होती. २०१३ मध्ये ती काढली. जेरोम वेकफिल्ड आणि ॲलन हॉरविट्झ यांनी २००७ मध्ये उलटच प्रश्न विचारला होता: सूट फक्त मृत्यूलाच का? बाकीच्या नुकसानीचं काय?

हा प्रश्न मला जालन्यात सर्वांत टोकदार वाटतो. मोसंबीची बाग फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या. बाग गेलेल्या, कर्ज अंगावर असलेल्या माणसाला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. निकष लावले तर तो रुग्ण ठरेल. पण त्याच्या मेंदूत काय कमी झालं हे विचारताना विहिरीत काय कमी झालं हे विसरून कसं चालेल? मदत त्याला लागणारच, आणि ती तातडीने. त्यासाठी आधी त्याच्या मेंदूत बिघाड शोधायची गरज नाही.

राज्याच्या प्रेरणा प्रकल्पाने हे थोडंफार ओळखलं. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत, त्यात जालनाही आला, शेतकरी कुटुंबांपर्यंत समुपदेशन न्यायचं ठरलं. त्यात आशाताई घरी जाऊन विचारपूस करतात. त्या गावातल्याच असल्याने कुणाचं बोअर आटलं, कुणाच्या घरी सावकार येतो, हे त्यांना कागद भरण्याआधीच कळलेलं असतं.

सरकारची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात असं रुग्णालय उभारायचा निर्णय झाला आहे. ते लवकर उभं राहावं, आणि तिथल्या केसपेपरवर झोप, भूक यांच्या शेजारी पाणी आणि कर्ज यांच्यासाठीही रकाने असावेत.