चोच नव्हे, पंप!

मुंबईत माहुलच्या खाडीत ओहोटी लागली की रिफायनरीच्या धुराड्यांसमोर चिखलात गुलाबी गर्दी उतरते. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. सगळे फोटो काढतात ते त्यांच्या रंगाचे. खरी करामत आहे ती चोचीत. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते, बाहेर ढकलते. चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांच्या झालरीत अन्न तेवढं अडकतं. चाळणी आणि पंप, दोन्ही एकाच चोचीत.

२०२५ मध्ये व्हिक्टर ओर्तेगा-हिमेनेझ आणि सहकाऱ्यांनी चिलीयन रोहितांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. पक्षी सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने डोकं वर खेचतो आणि पाण्यात चक्क भोवरा उठतो. तळाचा गाळ, त्यातले जीव वर येतात. पायांच्या थयथयाटातूनही भोवरे निघतात. चोच सेकंदाला साधारण १२ वेळा कटकटते. संशोधकांनी थ्री-डी प्रिंटरवर चोच घडवून हे तपासलं. चोच अशी कटकटवली तेव्हा सातपट कोळंबीसदृश जीव आत आले.

माहुलला जास्त दिसतो तो छोटा रोहित. त्याची झालर आणखी बारीक, कारण त्याला हवं असतं सूक्ष्म शेवाळ.