रशियन व क्रोएशियन भाषांचा भौगोलिक विस्तार

रशियन व क्रोएशियन ह्या इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या स्लाव्हिक शाखेतील भाषा आहेत. रशियन पूर्व स्लाव्हिक, तर क्रोएशियन दक्षिण स्लाव्हिक उपशाखेत मोडते. पहिलीची लिपी सिरिलिक, दुसरीची लॅटिन. रशियन मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे १५ कोटी, तर क्रोएशियनची पन्नास लाखांच्या आसपास आहे. मात्र फरक केवळ संख्येचा नाही. रशियन साम्राज्याबरोबर पसरली. क्रोएशियन दूरच्या प्रदेशांत नेली ती मुख्यतः आक्रमणापासून दूर गेलेल्या किंवा पोटापाण्यासाठी देश सोडलेल्या लोकांनी.

रशियन

सोळाव्या शतकाच्या अखेरीस रशियाचा सायबेरियात शिरकाव झाला व १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यावर व्लादिव्होस्तोक वसले. आज बाल्टिक किनाऱ्यावरील कालिनिनग्राडपासून तेथपर्यंत, ११ कालविभागांत, ही भाषा चालते. सोव्हिएत काळात उच्च शिक्षण, सैन्य व उद्योग ह्यांमुळे ती इतर प्रजासत्ताकांतही रुजली. १९९१ साली सोव्हिएत संघ विघटित झाला तेव्हा सीमा मागे सरकली. भाषक मात्र जागच्या जागी राहिले.

त्यानंतर प्रत्येक देशाने वेगळा मार्ग धरला. बेलारूसमध्ये १९९५ च्या सार्वमतानंतर रशियनला बेलारूशियनच्या बरोबरीने राज्यभाषेचा दर्जा मिळाला. किर्गिझस्तानात ती अधिकृत भाषा आहे. लात्व्हियात २०१२ च्या सार्वमतात सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी रशियनला दुसरी राज्यभाषा करण्यास नकार दिला. एस्टोनियातील नार्वा शहरात मात्र बहुसंख्य रहिवासी आजही रशियन भाषक आहेत. युक्रेनची एकमेव राज्यभाषा युक्रेनियन आहे. तरी खार्किव व ओडेसा ह्या शहरांत रशियन दीर्घकाळ नित्य व्यवहाराची भाषा होती. रशियन बोलणारा तो रशियाच्या बाजूचा, हे समीकरण येथे चुकीचे ठरते: २०२२ च्या आक्रमणानंतर अनेक रशियन भाषकांनी जाणीवपूर्वक युक्रेनियनचा वापर वाढवला.

क्रोएशियन

२०२१ च्या जनगणनेनुसार क्रोएशियाची लोकसंख्या सुमारे ३८.७ लाख असून त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा क्रोएशियन आहे. १ जुलै २०१३ रोजी ती युरोपीय संघाची २४वी अधिकृत भाषा झाली. बोस्निया आणि हर्झगोव्हिनात ती बोस्नियन व सर्बियनसह अधिकृत आहे. सर्बियाच्या वॉयव्होडिना प्रांतातही तिला मान्यता आहे.

ऑस्ट्रियाच्या बुर्गनलांड राज्यातील क्रोएशियन भाषकांचे पूर्वज सोळाव्या शतकात ओस्मानी स्वाऱ्यांमुळे तेथे आले. अ‍ॅड्रियाटिक समुद्र ओलांडून गेलेल्यांच्या वंशजांची बोली इटलीच्या मोलीझे प्रदेशातील तीन गावांत तग धरून आहे. चिलीतील पुंता अरेनास, ऑस्ट्रेलिया व जर्मनी येथील वस्त्या त्यामानाने अलीकडच्या होत.

गणनेतील अडचण

रशियन अनेक देशांत एकाच नावाने ओळखली जाते. क्रोएशियनची स्थिती उलट आहे. प्रमाण क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन व माँटेनिग्रिन ह्या चारही भाषा श्टोकाव्हियन बोलीवर आधारलेल्या असून त्यांचे भाषक एकमेकांचे बोलणे सहज समजतात. युगोस्लाव्हियात ह्यांतील बऱ्याच भागाची गणना सर्बो-क्रोएशियन ह्या नावाखाली होई. त्यामुळे क्रोएशियन नेमकी कोठे संपते, हे नकाशावरून ठरत नाही. बोलणारा आपल्या भाषेला कोणते नाव देतो, ह्यावर ते अवलंबून असते. बोस्नियातील काही गावांत एकाच इमारतीत क्रोएट व बोस्नियाक मुले भिन्न अभ्यासक्रमांनुसार शिकतात. त्यांच्या वर्गांच्या भाषांची नावे वेगळी असली, तरी मधल्या सुट्टीत त्यांना दुभाष्याची गरज पडत नाही.