दूध रोज येतेच: अमूलची साखळी कशी चालते

कापड गिरणीकडे मागणी कमी झाली, तर ती कापूस कमी उचलते. दुधाच्या धंद्यात ही सोय नाही. म्हशीची धार रोज दोन वेळा काढावीच लागते आणि ते दूध वेळेत थंड झाले नाही तर नासते. इतक्या नाशवंत मालावर गुजरातची अमूल कशी चालते, ते समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवात गावच्या दूध संस्थेत होते. शेतकरी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येतो. दूध मोजले जाते, चमचाभर नमुना यंत्रात जातो आणि फॅटचा आकडा समोर दिसतो. भाव मुख्यतः त्यावर ठरतो. पाणी घातले तर फॅट उतरते आणि पैसेही कमी मिळतात. म्हणून दर्जा राखण्यात शेतकऱ्याचाच फायदा असतो.

पुढे बल्क कूलरमध्ये दूध सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते आणि टँकरने जिल्हा संघाच्या प्रकल्पात जाते. तिथे पुन्हा तपासणी, पाश्चरीकरण, पॅकिंग. विक्रीचे काम १९७३ साली स्थापन झालेला या जिल्हा संघांचा महासंघ पाहतो, त्यामुळे जिल्हा संघ बाजारात एकमेकांचे भाव पाडत नाहीत.

खरी कसोटी मात्र पुष्टकाळात, म्हणजे दूध मुबलक असते तेव्हा, लागते. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढते, उन्हाळ्यात आटते; गिऱ्हाईकाचा चहा मात्र बाराही महिने तेवढाच. अमूलची सुरुवात ज्यातून झाली, त्या १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा संघाचे दूध मुंबईला जाई, पण हिवाळ्यातले सगळे दूध मुंबईत खपत नसे. जास्तीच्या दुधाची भुकटी करावी, तर म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असा तज्ज्ञांचा समज होता. संघाचे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ साली आणंदला भुकटी-लोण्याचा कारखाना सुरू झाला. आता हिवाळ्यातले जादा दूध भुकटी आणि लोणी होऊन साठवता येऊ लागले, आणि उन्हाळ्याच्या कृशकाळात, म्हणजे टंचाईत, त्यांचेच पुन्हा दूध करता येऊ लागले.

म्हणूनच दूध जास्त झाले तरी संस्थेला सभासदाला परत पाठवावे लागत नाही. या खात्रीवर शेतकरी आणखी एक म्हैस घेतो, आणि टंचाईतही संस्थेलाच दूध घालतो. टँकर आणि कूलर कोणालाही विकत घेता येतात. माल नकोसा झालेल्या दिवशीही तो घेण्याची तयारी आधीच करून ठेवणे, हे अमूलच्या यशाचे मर्म आहे.