मदत मुलांना, पगार कुणाला?

या आठवड्यात सोशल स्टॉक एक्स्चेंजवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. कारण सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाववत नाही.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. एका वसतिगृहाला ते दरवर्षी पंचवीस हजार रुपये देतात. यूपीआयवरून दरमहा आपोआप जाणाऱ्या देणगीबद्दल गेल्या लेखात वाचलं, तेव्हा त्यांनी तीच रक्कम महिन्यांत विभागून द्यायची ठरवली आणि त्यासाठी संस्थेचा वार्षिक अहवाल पहिल्यांदाच ताळेबंदासकट वाचला. खर्चाच्या बाजूला सगळ्यांत मोठा आकडा होता ‘पगार व मानधन’. त्यांनी लिहिलं आहे, ‘मी पैसे मुलांसाठी दिले होते. ते पगारात गेले असतील तर मी नेमकी कुणाला मदत केली? संस्थेच्या खर्चात पगाराचं प्रमाण किती टक्क्यांपर्यंत चालवून घ्यावं?’

देणगीदारांच्या बहुतेक बैठकांत हा प्रश्न येतोच. यावर माझं ठाम मत आहे: टक्का विचारू नये. पण इतक्यावर पत्रलेखकांचं समाधान होणार नाही, होऊही नये.

वसतिगृहात मूल राहतं म्हणजे काय होतं ते आधी पाहू. पहाटे चूल पेटवणारी स्वयंपाकीण असते. रात्री दोन वाजता एखाद्या पोराला ताप भरला तर उठणारी गृहमाता असते. मुलगा शाळेला दांडी मारून एसटी स्टँडवर बसलाय हे कळल्यावर त्याला घेऊन येणारा अधीक्षक असतो. सुट्टीत घरी गेलेली मुलगी परत आली नाही, तिचं लग्न ठरवताहेत असं कळलं, की तिच्या गावी जाऊन आईबापांशी बोलणारी कार्यकर्ती असते. ताळेबंदात ही सगळी माणसं ‘पगार व मानधन’ या एकाच ओळीत दिसतात. मुलांपर्यंत पोचलेली मदत ती हीच. गाद्या, ताटं, दप्तरं हा तिचा छोटा भाग.

देणारे मात्र वस्तूकडे ओढले जातात. जून महिन्यात दप्तरं आणि वह्या, दिवाळीत फराळ, थंडीत ब्लँकेटं, मुलाच्या वाढदिवसाला एक दिवसाचं गोडाचं जेवण. क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळांनी हे आणखी सोपं केलं: इतक्या रुपयांत एक किट, इतक्यात एका मुलाचं महिन्याचं जेवण, खाली फोटो. मी याला नावं ठेवणार नाही. पूर्वी कधीच न देणारी कितीतरी तरुण मंडळी त्यामुळे देऊ लागली आहेत. पण त्याचा परिणाम संस्थांवर होतो. शहराजवळच्या वसतिगृहाला एकाच रविवारी तिघांकडून जेवण येतं आणि स्वयंपाकिणीचा जुलैचा पगार ऑगस्टच्या शेवटाला होतो. संगणक मिळतात, शिकवणारा मिळत नाही. रुग्णवाहिका मिळते, ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल कुणाच्या यादीत नसतं. जुन्या कपड्यांचे ढीग येतात. ते निवडायला, उसवलेलं शिवायला, गाठोडी बांधून गावोगाव पोचवायला लागणारा पैसा कपड्यांबरोबर येत नाही.

आता टक्क्यांकडे. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतो, त्यातलं उत्पन्न-खर्चाचं पत्रक म्हणजे अनुसूची नऊ. तिथे ‘आस्थापना खर्च’ असा एक मथळा असतो आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असा दुसरा. दुसऱ्याखाली शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण अशा पोटओळी. आता सांगा, गृहमातेचा पगार यांपैकी कुठे लिहायचा? एक हिशेबनीस तो आस्थापनेत टाकतो, दुसरा शैक्षणिक उद्दिष्टात. दोन्ही नोंदी प्रामाणिक आहेत. पण पहिल्या संस्थेचा ‘प्रशासकीय खर्च’ चाळीस टक्के दिसेल आणि दुसरीचा आठ, काम मात्र सारखंच. टक्क्याची अट घालणारा देणगीदार चांगल्या कामाला नव्हे, हिशेब मांडण्याच्या हुशारीला बक्षीस देतो. आणि खोट्या संस्थेला तर कागदावर हवा तो टक्का दाखवणं सगळ्यांत सोपं. नोकरच नसतील तर पगार कुठून दिसणार?

ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या चाळीस नामवंत संस्थांचे हिशेब तपासले. कोणत्याही एका प्रकल्पाला न चिकटणारा खर्च, म्हणजे लेखापाल, भाडं, प्रशिक्षण, संचालकांचा पगार, हा कुठे एकूण खर्चाच्या ५ टक्के निघाला तर कुठे ५१ टक्के. तांदूळ वाटणारी संस्था आणि कैद्यांना कायद्याची मदत देणारी संस्था यांचं प्रमाण सारखं असणं शक्यच नाही. पण निधी देणारे दोघांनाही एकच ठरावीक आकडा लावतात.

याच ब्रिजस्पॅनच्या दोघा अभ्यासकांनी २००९ मध्ये एक लेख लिहिला होता. तो आता या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं असं, की देणारे अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा धरतात, संस्था ती पुरी करण्यासाठी खर्च दाबतात आणि उरलेला लपवतात, ते कमी आकडे पाहून देणाऱ्यांची अपेक्षा आणखी खाली जाते. फेरा चालू राहतो आणि संस्था आतून उपाशी राहते. आपल्याकडे संस्थांच्या कार्यालयांत त्यासाठी सर्रास एक शब्दप्रयोग चालतो: ‘पगार प्रोजेक्टमध्ये बसवणे’. समन्वयकाचा चाळीस टक्के वेळ पाण्याच्या प्रकल्पात, तीस टक्के बचत गटांच्या, उरलेला कुठे तरी. मार्च महिन्यात तालुक्याच्या गावी एखाद्या संस्थेत जा. हुशार, कामाची माणसं रात्री अकरापर्यंत हेच बसवाबसवीचं काम करताना दिसतील.

यात कायद्याचा गैरसमजही मिसळला आहे. कंपन्यांच्या सीएसआर नियमांत २०२१ पासून ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनावर किती खर्च करावा याची आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे. तरीही कंपन्यांचे अधिकारी हाच आकडा संस्थेपुढे ठेवतात: ‘नियमाने पाच टक्क्यांवर देता येत नाही.’ समोरची संस्था लहान असते, पुढच्या वर्षीचं काम त्यांच्या हातात असतं, ती मान डोलावते. संस्थाचालकांनी हा नियम छापून जवळ ठेवावा आणि नम्रपणे दाखवावा.

परदेशी देणग्यांचं वेगळं आहे. तिथे मर्यादा खरोखर संस्थेवरच आहे आणि २०२० च्या दुरुस्तीने ती ५० वरून २० टक्क्यांवर आली. पण त्या नियमांतही दवाखान्यातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. म्हणजे सरकारच्या कडक नियमालाही जे मान्य आहे, ते आपल्यातल्या पुष्कळ देणगीदारांना मान्य नसतं.

शिवाय हिशेबाचं काम वाढतच चाललं आहे. ८०जी ची सवलत हवी असलेल्या प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम संस्थेने ३१ मेपर्यंत १०बीडी नमुन्यात आयकर खात्याला कळवायची, मग तुमच्या हातात १०बीई प्रमाणपत्र पडतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. मागे सांगितल्याप्रमाणे नव्या करप्रणालीत ही सवलत मिळतच नाही, तरी प्रमाणपत्र मागणारे कमी झालेले नाहीत. ते काम जो करतो, त्याचा पगार पत्रलेखकांना खुपणाऱ्या ओळीतच आहे.

हे सगळं पटलं तरी मनात एक खटका उरतो, आणि तो मराठी मनात जास्त खोल आहे. समाजकार्य करणाऱ्याने पगार का घ्यावा? त्यागाची आपली परंपरा मोठी. पण ती परंपरा नीट पाहिली तर वेगळंच दिसतं, आणि या विषयावर मी कितीही लिहू शकेन.

१८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, ती आजीव सभासदांच्या कल्पनेवर. वीस वर्षं संस्थेला वाहून घ्यायचं आणि संस्थेने बेताचा पण नेमाने पगार द्यायचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना फार तर ७५ रुपयांवर ती वर्षं काढली आणि १९०२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा महिना ३० रुपये पेन्शन घेतलं. पगार कमी होता हे आपण अभिमानाने सांगतो. तो ठरलेला होता, त्यासाठी निधी उभा केला होता आणि म्हातारपणाची तरतूदही होती, हे सांगायचं राहून जातं. आजीव सभासदांनी बाहेरून कमाई करावी का, संस्थेने कुणाला जादा काही द्यावं का, यावरून तेव्हा कडाक्याचे वाद झाले. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले त्याला इतर मतभेदही होते, पण हा मुद्दा त्यात ठळक होता. कार्यकर्त्याला किती द्यायचं यावर एवढी मोठी माणसं इतक्या गंभीरपणे भांडली, कारण संस्था टिकण्याचा पाया तोच आहे हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांच्या शपथेतच हे घातलं: माझ्या आणि माझ्या कुटुंबाच्या चरितार्थासाठी समाज जी तरतूद करील त्यात मी समाधान मानीन. कुटुंबाचा उल्लेख शपथेत आहे. कार्यकर्त्यालाही घर असतं, मुलांची फी असते, आईचं औषध असतं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं. आज वीस-बावीस हजारांवर तालुक्यात काम करणारी एमएसडब्ल्यू झालेली मुलगी तीन वर्षांनी संस्था सोडते, तेव्हा तिची निष्ठा कमी पडली असं म्हणणं अन्याय आहे. तिच्याबरोबर चाळीस गावांची ओळख निघून जाते आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून दारं ठोठवावी लागतात.

अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. चाळीस हजार लोकांना देणगीसाठी पत्रं गेली, दहा-दहा हजारांच्या चार गटांत. एका गटाला साधं आवाहन. दुसऱ्याला सांगितलं, एका मोठ्या देणगीदाराने आधीच वीस हजार डॉलर दिले आहेत. तिसऱ्याला, तो तुमच्या डॉलरला आपला एक डॉलर जोडील. चौथ्याला सांगितलं, संस्थेचा वरखर्च त्याने उचलला आहे, तुमचा सगळा पैसा थेट कामाला जाईल. साध्या आवाहनाला आठ हजार डॉलरच्या आसपास मिळाले, चौथ्या गटातून तेवीस हजारांवर. मोठ्या देणगीदाराची रक्कम तिन्ही ठिकाणी तीच होती.

लोकांचा खटका कसा खरा आहे हे यातून कळतं, आणि वाटही सापडते. ज्यांना हे गणित उमगलं आहे अशा दहा-पंधरा जाणत्यांनी गावातल्या संस्थेचा लेखापाल, भाडं आणि लेखापरीक्षण एवढं तीन वर्षांसाठी उचलावं. मग संस्थेला बाकीच्यांपुढे उजळ माथ्याने म्हणता येतं, तुमचा रुपया पूर्ण मुलांना. मोठ्या प्रमाणावर असे प्रयत्न सुरू झाले आहेत. एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ मध्ये अनेक देणगीदार एकत्र करून शंभर कोटींचा ग्रो फंड उभा केला, तळागाळातल्या शंभर संस्थांचे पगार, यंत्रणा, क्षमता यांसाठीच. मॅकेन्झी स्कॉट २०२० पासून अब्जावधी डॉलर कोणतीही अट न घालता देत आहेत. ‘गूंज’सह काही भारतीय संस्थांनाही ते मिळाले. बिनअटीचा पैसा ही गेल्या काही वर्षांतली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी घडामोड आहे, स्टॉक एक्स्चेंजपेक्षाही.

याचा अर्थ डोळे मिटून द्यावं असा नाही. सांगलीच्या वाचकांनी संस्थेला जरूर विचारावं: गेल्या दोन वर्षांत किती कर्मचारी सोडून गेले आणि का? पगार वेळेवर होतात का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का? विश्वस्तांचे नातेवाईक पगारावर आहेत का, असतील तर काय काम करतात? पाच वर्षांपूर्वी वसतिगृहातून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला जी संस्था नावानिशी उत्तर देते, तिच्या पगाराच्या ओळीची मला चिंता वाटत नाही.

आणि पैसे पाठवताना सोबत एक ओळ लिहावी: ‘सर्वसाधारण खर्चासाठी’. चांगल्या हेतूने ‘कायम निधीसाठी’ असं लिहू नये. तसं लिहिलं की ती रक्कम ठरावीक प्रकारेच गुंतवून ठेवावी लागते आणि संस्थेच्या हाती फक्त व्याज येतं. पंचवीस हजारांच्या व्याजात गृहमातेचा एका आठवड्याचाही पगार निघणार नाही. तेच पैसे दरमहा दोन हजारांप्रमाणे आले तर संस्थेला वर्षाच्या सुरुवातीलाच धरून चालता येतं, म्हणून मासिक देणगीचा त्यांचा बेत मला फार आवडला.

पुढच्या आठवड्यात सोशल स्टॉक एक्स्चेंज: जिथे रोखे विकत घेतल्यावर व्याजही मिळत नाही आणि मुद्दलही परत येत नाही, तरी माणसं ते का घेतात.