एक्सलोड

एक्सलोड हा संगणकावर पडलेला कामाचा भार आलेखाच्या रूपाने दाखविणारा एक छोटा प्रोग्राम आहे. युनिक्स आणि युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्ससारख्या संचालन प्रणालींवर चालणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या मूळ साधनांपैकी तो एक होय. पडद्याच्या कोपऱ्यात मावेल एवढ्या खिडकीत तो ठरावीक काळाने भार मोजतो आणि आलेखात त्या क्षणाची एक उभी रेघ काढतो. एक्सलोड दाखवितो ती 'भार सरासरी' असते, प्रोसेसरच्या वापराची टक्केवारी नव्हे. हा फरक लक्षात न घेतल्यास आलेखाचा अर्थ चुकीचा लावला जाण्याचा संभव असतो.

इतिहास

एक्स विंडो प्रणालीची निर्मिती १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) झाली. एक्सलोडच्या मूळ लेखकांपैकी एक म्हणजे त्याच संस्थेतील के. शेन हार्टमन. पुढे जिम गेटिस, बॉब शाइफ्लर, टोनी डेला फेरा आणि ख्रिस पीटरसन यांनी त्यात भर घातली. यांपैकी शाइफ्लर आणि गेटिस हे एक्स विंडो प्रणालीचेही प्रमुख निर्माते होत.

त्या काळी एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करीत. एक्स विंडो प्रणालीमुळे दूरच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामची खिडकी जाळ्यामार्फत आपल्या पडद्यावर उघडता येते. त्यामुळे निरनिराळ्या संगणकांवरील एक्सलोडच्या खिडक्या शेजारी शेजारी मांडून कोणता संगणक मोकळा आहे हे पाहता येई. खिडकीच्या वरच्या भागात एक्सलोड संगणकाचे नाव लिहितो, त्याचा उपयोग येथे होतो.

भार सरासरी म्हणजे काय?

संगणकात एका वेळी अनेक प्रक्रिया चालू असतात. परंतु प्रोसेसरचा एक कोर एका क्षणी साधारणपणे एकाच प्रक्रियेचे काम करतो. उरलेल्या प्रक्रिया रांगेत थांबतात. काम चालू असलेल्या आणि रांगेतील प्रक्रियांची एकत्रित संख्या म्हणजे त्या क्षणाचा भार.

पिठाच्या गिरणीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. गिरणीत एकच चक्की असून तिच्यावर एक डबा दळला जात आहे आणि दोन डबे रांगेत आहेत, असे समजू. या वेळी चक्कीचा वापर १०० टक्के आहे, तर भार ३ आहे. रांगेत दहा डबे असले तरी वापर १०० टक्केच राहील; भार मात्र ११ होईल. टक्केवारीवरून चक्की फिरते आहे एवढेच कळते, किती जण ताटकळत आहेत हे भारावरून कळते. त्याच गिरणीत चार चक्क्या असतील, तर ४ हा भार असूनही कोणालाही थांबावे लागणार नाही. म्हणून भाराचा आकडा नेहमी कोरच्या संख्येशी ताडून पाहावा लागतो.

क्षणोक्षणीचा भार फार वरखाली होतो. त्यामुळे संचालन प्रणाली १, ५ आणि १५ मिनिटांच्या तीन सरासऱ्या ठेवते. ही पद्धत जुनी असून टेनेक्स या संचालन प्रणालीच्या १९७३ सालच्या नोंदींतही भार सरासरीचे आकडे आढळतात. ही साधी सरासरी नसते; तीत ताज्या मोजणीला अधिक वजन असते आणि जुन्या मोजणीचा प्रभाव हळूहळू ओसरत जातो. पूर्ण मोकळ्या संगणकावर अखंड चालणारी एकच प्रक्रिया सुरू केल्यास एक मिनिटानंतर तीन आकडे सुमारे ०.६३, ०.१८ आणि ०.०६ असे दिसतात. पहिला आकडा तीन मिनिटांनी ०.९५ पर्यंत पोहोचतो. एक्सलोड यांपैकी एका मिनिटाची सरासरी दाखवितो. त्यामुळे त्याच्या आलेखातील चढउतार प्रत्यक्ष घडामोडींच्या किंचित मागे असतात.

आलेखाचे वाचन

एक्सलोड मूळ मांडणीत दर १० सेकंदांनी नवी नोंद घेतो. हा काळ १ सेकंदापर्यंत कमी करता येतो. प्रत्येक नोंदीला आलेखात एका चित्रबिंदूची रुंदी मिळते. म्हणजे १२० चित्रबिंदू रुंदीच्या आलेखात २० मिनिटांचा इतिहास मावतो. आलेख उजव्या कडेला पोहोचला की तो रुंदीच्या निम्म्याने डावीकडे सरकतो.

भार १ च्या आत असताना आलेखाची पूर्ण उंची १ एवढी असते. भार वाढला की प्रोग्राम आडव्या रेषा काढून उंचीचे अधिक भाग करतो. प्रत्येक भाग भाराच्या एका एककाइतका असतो. त्यामुळे आलेख किती उंच गेला यापेक्षा उंचीचे किती भाग पडले आहेत हे आधी पाहावे. आठ कोरच्या संगणकावर भार १ झाला, तर आलेख वरच्या कडेला टेकतो आणि संगणक थकला असे वाटते. प्रत्यक्षात सात कोर मोकळे असतात. 'स्केल' हा पर्याय कोरच्या संख्येएवढा ठेवल्यास हा गैरसमज टळतो.

'लाइट्स' या पर्यायाने खिडकीऐवजी कळफलकावरील दिव्यांचा उपयोग करता येतो. भार जितका, तितके दिवे लागतात.

माहितीचा स्रोत आणि सुरक्षा

भार सरासरी संचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ठेवलेली असते. पूर्वी अनेक प्रणालींवर ती मिळविण्यासाठी एक्सलोडला कर्नलची स्मृती थेट वाचावी लागे व त्यासाठी त्याला विशेष अधिकार द्यावे लागत. त्या स्मृतीत इतर वापरकर्त्यांची गोपनीय माहितीही असू शकते. साहजिकच अशा प्रोग्राममधील लहानसा दोषही सुरक्षेला धोका ठरू शकतो. लिनक्समध्ये 'प्रॉक' या निर्देशिकेतील एका फाइलमधून हे आकडे कोणालाही वाचता येतात; विशेष अधिकारांची गरज उरत नाही.

मर्यादा

भार कोणत्या प्रक्रियेमुळे वाढला हे एक्सलोड सांगत नाही. त्यासाठी 'टॉप'सारखा प्रक्रियांची यादी देणारा प्रोग्राम वापरावा लागतो. स्मृतीचा वापर किंवा जाळ्यावरील रहदारी यांची नोंदही त्यात नसते.

लिनक्सवर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तेथे चकतीवरील वाचन-लेखनासारख्या कामासाठी खोळंबलेल्या आणि मध्येच थांबविता न येणाऱ्या प्रक्रियाही भारात मोजल्या जातात. चकती मंद झाली किंवा जाळ्यावरील साठा प्रतिसाद देईनासा झाला, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही भार १० किंवा २० पर्यंत चढू शकतो. अशा वेळी अधिक वेगवान प्रोसेसर बसवून उपयोग होत नाही. अडथळा चकतीत किंवा जाळ्यात शोधावा लागतो. म्हणून एक्सलोडचा चढलेला आलेख हा तपासाला सुरुवात करण्याचा इशारा समजावा. भार वाढण्याचे कारण मात्र इतर साधनांनी शोधावे लागते.