आधी नाव नोंदवा, मग आजारी पडा

थायलंडमध्ये मोफत उपचार गरिबीच्या दाखल्यावर मिळत नाहीत. तिथे 13 आकडी नागरिक क्रमांक पुरतो. सरकारी नोकर आणि त्यांचे कुटुंबीय एका योजनेत, खासगी क्षेत्रातले पगारदार सामाजिक सुरक्षेत, आणि उरलेले सगळे, म्हणजे शेतकरी, फेरीवाले, मुलं, म्हातारी माणसं असे सुमारे 4.7 कोटी लोक, 2002 च्या कायद्याने पक्क्या झालेल्या, थाई चलनातल्या नाममात्र शुल्कावरून नाव पडलेल्या ‘30 बाट’ योजनेत. मग या योजनेत ठरावीक रुग्णालयात नाव नोंदवण्याची अट कशाला? तर बाह्यरुग्ण सेवेचा पैसा मुख्यतः डोईमागे, नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर वाटला जातो. रक्कम आधीच ठरलेली असल्याने अनावश्यक तपासण्या लिहून रुग्णालयाच्या पदरात काही पडत नाही. नोंदणी म्हणजे नुसता बाबूगिरीचा सोस नव्हे, ती खर्चाची वेसण आहे.

आक्षेप रास्त आहे: नोंदणी घराच्या पत्त्याला बांधलेली, आणि ईशान्य थायलंडमधल्या इसानचा बांधकाम मजूर राबतो बँकॉकमध्ये, कागदावर मात्र राहतो गावी. त्यासाठी वर्षातून 4 वेळा रुग्णालय बदलता येतं. जीव धोक्यात असेल तर पहिले 72 तास जवळच्या कुठल्याही रुग्णालयात, अगदी खासगीतही, उपचार मिळतात. जानेवारी 2024 मध्ये तर 4 प्रांतांत ओळखपत्र दाखवून ‘कुठेही’ उपचार सुरू झाले. मात्र हे ‘कुठेही’ प्रामुख्याने प्राथमिक सेवेपुरतं. तातडी नसेल तर मोठ्या रुग्णालयासाठी अजूनही शिफारसपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे.