सूर्य पाहायची दुर्बीण घेताना

दिव्यातल्या इमारतीच्या गच्चीवरून रात्री मोजकेच तारे दिसतात. शहराचा उजेड आड येतो. सूर्याला ही अडचण नाही. म्हणून हौशी मंडळी हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीकडे वळतात. ती ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा येऊ देते आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला दिसतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात जान्सेनने गुंटूरला त्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून पुन्हा पाहिल्या.

ही दुर्बीण स्वस्त नाही. सुरुवातीला ४० मिलिमीटरची पुरते. बँडविड्थ मात्र १ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी हवी. पृष्ठभागाचे बारकावे हवेत तर ०.७च्या आसपास. जुनी घेत असाल तर फिल्टर धुरकट किंवा गंजल्यासारखा नाही ना, हे आधी पाहावे.

खरा धोका स्वस्तात भागवण्यात आहे. छायाचित्रणासाठी ‘एच-अल्फा’ नावाने मिळणारा ७ नॅनोमीटरचा फिल्टर ७० अँगस्ट्रॉम रुंद असतो. तो रात्रीच्या तेजोमेघांसाठी. त्यातून सूर्य पाहू नये. आयपीसला लावायचे काळे फिल्टर तर तापून तडकतात. दृष्टिपटलाला वेदना होत नाही. भाजल्याचे कळते ते काही तासांनी, समोरच्याच्या चेहऱ्यावर डाग दिसू लागल्यावर. त्यावर खात्रीचे औषध नाही.

पैसे कमी असतील तर साध्या दुर्बिणीच्या तोंडावर घट्ट बसणारा सौर फिल्टर घ्यावा. सौरडाग दिसतील, ज्वाला नाहीत. गच्ची तापण्याआधी, सकाळीच पाहावे. नंतर हवा थरथरते. आणि बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीला आधी झाकण लावावे.